बाकावरचा गोलकीपर

१४ ऑक्टोबर २००६ ची संध्याकाळ. इंग्लंडमधल्या रेडिंग शहरात चेल्सी या नामांकित क्लबचा सामना सुरू झाला. पहिल्याच मिनिटात चेल्सीचा गोलकीपर पेत्र चेक खाली कोसळला. धावत आलेल्या खेळाडूचा गुडघा त्याच्या डोक्यावर बसला होता आणि कवटीला फ्रॅक्चर झाले होते. त्याला स्ट्रेचरवरून बाहेर नेले आणि बाकावर बसलेला कार्लो कुदिचिनी हातमोजे चढवून आत आला. जवळपास पूर्ण सामना त्याने गोल सांभाळला. शेवटचे काही क्षण उरले असताना उंच चेंडूसाठी झेपावलेला कुदिचिनीही धडक लागून बेशुद्ध पडला. आता चेल्सीकडे गोलकीपरच उरला नव्हता. कर्णधार जॉन टेरी हा बचावपटू. त्यानेच गोलकीपरची जर्सी अंगात घातली आणि उरलेला वेळ निभावून नेला. सामना चेल्सीने १-० असा जिंकला.

चारच दिवसांनी बार्सिलोनासारख्या बलाढ्य संघाशी गाठ होती. त्या दिवशी गोलमध्ये उभा राहिला हिलारियो, म्हणजे चेल्सीचा तिसऱ्या क्रमांकाचा गोलकीपर. चेल्सीसाठी त्याचा तो पहिलाच सामना होता. तोही चेल्सीने १-० असा जिंकला.

आपल्या घरातली मुले टीव्हीवर इंग्लंडचे फुटबॉल पाहतात, खेळाडूंची नावे असलेल्या जर्सी मागतात. पण राखीव गोलकीपरच्या नावाची जर्सी मागणारा मुलगा क्वचितच सापडेल. तो कोण, कुठून आला, आठवडाभर काय करतो, हे कुणी विचारत नाही. या लेखात अशाच एका गोलकीपरची ओळख करून घेऊ. तो ओमानचा आहे, मुसलमान आहे, आणि त्याच्या वाटचालीत आपल्या मुलांसाठी आणि आपल्यासारख्या आईवडिलांसाठी घेण्यासारखे बरेच काही आहे. त्याचे नाव अली अल-हबसी.

जागा एकच

फुटबॉलच्या संघात ११ खेळाडू असतात. त्यांपैकी हाताने चेंडू अडवण्याची मुभा फक्त गोलकीपरला, तीही आपल्या गोलसमोरच्या चौकटीत. राखीव बसलेल्या आघाडीच्या खेळाडूला सामन्याच्या शेवटी १०-१५ मिनिटे तरी मिळतात. संघ मागे पडला तर प्रशिक्षक त्याला आत पाठवतो. पुढे असला तर दमलेल्याच्या जागी पाठवतो. गोलकीपरचे तसे नसते. पहिला गोलकीपर जखमी झाला, त्याला लाल कार्ड मिळाले किंवा तो वारंवार चुका करू लागला, तरच दुसऱ्याची पाळी येते. म्हणजे आपल्याला संधी मिळावी असे त्याने मनात आणले, तर त्याचा अर्थ सोबत्याचे काहीतरी वाईट व्हावे असा होतो. ज्याच्याबरोबर रोज सकाळी सराव करायचा, त्याच्याच नुकसानीत आपला फायदा. मनाची यापेक्षा अवघड परीक्षा कोणती?

इंग्लंडच्या लीगमध्ये बदली खेळाडू घेण्याची परवानगीच मुळी १९६५ पासून आली, आणि सुरुवातीला बदली खेळाडू एकच असे. गोलकीपर जखमी झाला तर संघातला दुसराच कुणी खेळाडू हातमोजे घालून उभा राहायचा. १९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हा बाकावर तिघांना बसवता येऊ लागले, आणि त्यांतला एक गोलकीपर असे. तिथून पुढे राखीव गोलकीपर हे काम पक्के झाले. आज बाकावर नऊ खेळाडू बसतात, पण गोलमधली जागा मात्र तेव्हाही एक होती आणि आजही एकच आहे.

या माणसाचा आठवडा मोकळा नसतो. गोलकीपरांचा सराव वेगळा चालतो, त्यांचा प्रशिक्षकही वेगळा असतो. आघाडीचे खेळाडू नेमबाजीचा सराव करतात तेव्हा त्यांचे शेकडो फटके अंगावर झेलायला दुसरा आणि तिसरा गोलकीपरही लागतो. सामन्याच्या दिवशी पहिल्या गोलकीपरची तयारी करून घ्यायलाही हाच मदत करतो. मग तो बाकावर जाऊन बसतो. थंडीत, पावसात, दीड तास. आणि बहुतेक वेळा जसा गेला तसाच परत येतो. त्याच्या कपड्यांना मातीसुद्धा लागलेली नसते.

विमानतळावरचा अग्निशामक

ओमान हा देश आपल्या कोकणातल्या मुस्लिम कुटुंबांना परका नाही. रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी घरांतली माणसे मस्कतला नोकरीला गेली, अजूनही जातात. त्याच ओमानच्या अंतर्भागात अल-मुधैबी नावाचे ठिकाण आहे. अली अल-हबसीचा जन्म ३० डिसेंबर १९८१ रोजी तिथलाच. फुटबॉलची सुरुवातही त्याने तिथल्याच क्लबातून केली.

त्या काळी ओमानमध्ये फुटबॉल खेळून पोट भरण्याची सोय नव्हती. खेळाडू दिवसा नोकरी करत आणि संध्याकाळी खेळत. अली मस्कतच्या विमानतळावर अग्निशामक दलात काम करत होता. हे काम थोडे समजून घेण्यासारखे आहे. विमानतळावरचा अग्निशामक रोज कामावर येतो, गाडी तपासतो, पाइप तपासतो, कवायत करतो आणि वाट पाहतो. आग लागू नये अशीच त्याची इच्छा असते. बहुतेक दिवशी आग लागतही नाही. पण ज्या दिवशी लागते, त्या दिवशी तयारीला वेळ मिळत नाही. आधी केलेली तयारीच कामाला येते. पुढे इंग्लंडमध्ये अलीच्या वाट्याला जे जीवन आले, त्याची तालीम जणू इथेच झाली होती.

ओमानच्या गोलकीपरांना शिकवण्यासाठी त्या वेळी जॉन बरिज नावाचे इंग्रज प्रशिक्षक आले होते. स्वतः बरिज म्हणजे या धंद्यातले अजब गृहस्थ. इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या दोन डझनांहून अधिक क्लबांकडून ते खेळले आणि १९९५ मध्ये, वयाच्या ४३ व्या वर्षी, मँचेस्टर सिटीकडून प्रीमियर लीगमध्ये उतरले. त्यांनी तरुण अलीला पाहिले आणि हा मुलगा युरोपात खेळू शकेल हे ओळखले. ओमानच्या एखाद्या खेळाडूने इंग्लंडच्या सर्वोच्च लीगमध्ये खेळावे, ही कल्पना त्या वेळी कुणालाही हसू आणणारीच होती.

अडचण फक्त खेळाची नव्हती, कागदाचीही होती. युरोपीय संघाबाहेरच्या खेळाडूला ब्रिटनमध्ये कामाचा परवाना मिळवण्यासाठी त्या काळी दोन मुख्य अटी होत्या. त्याचा देश जागतिक क्रमवारीत पहिल्या ७० मध्ये असावा, आणि आधीच्या दोन वर्षांत देशाच्या ७५ टक्के सामन्यांत तो खेळलेला असावा. ब्राझीलच्या खेळाडूला हे सोपे, ओमानच्या खेळाडूला डोंगराएवढे. मग अलीने आडवाट धरली. २००३ मध्ये तो नॉर्वेची राजधानी ओस्लो इथल्या लिन या क्लबात दाखल झाला. वाळवंटातून थेट बर्फात. तिथे त्याने एका वर्षातच नाव कमावले आणि २००४ मध्ये नॉर्वेतला सर्वोत्तम गोलकीपर म्हणून त्याचा गौरव झाला.

जानेवारी २००६ मध्ये उत्तर इंग्लंडमधल्या बोल्टन वाँडरर्स या क्लबाने त्याला करारबद्ध केले. बोल्टन म्हणजे जुने कापड गिरण्यांचे गाव. गुजरातमधून गेलेल्या मुस्लिम कुटुंबांची तिथे मोठी वस्ती आहे, मशिदी आहेत, हलाल दुकाने आहेत. अली प्रीमियर लीगच्या क्लबात पोहोचलेला पहिला ओमानी ठरला. देशात आनंद झाला. पण बोल्टनच्या गोलमध्ये आधीच एक माणूस उभा होता.

वीस महिने

त्या माणसाचे नाव युसी यास्केलाइनेन. फिनलंडचा हा गोलकीपर १९९७ पासून बोल्टनमध्ये होता आणि २०१२ पर्यंत राहिला. क्लबसाठी ५०० हून अधिक सामने तो खेळला. तो चांगला खेळत होता, तंदुरुस्त होता आणि जागा सोडायला तयार नव्हता. त्यात त्याचा काही दोष नव्हता.

अलीने जानेवारी २००६ मध्ये सही केली आणि क्लबच्या मुख्य संघाकडून पहिला सामना खेळला सप्टेंबर २००७ मध्ये. मधले वीस महिने तो रोज सरावाला गेला, शनिवारी बाकावर बसला आणि घरी परतला. ओमानमधल्या लोकांना वाटे, आमचा अली प्रीमियर लीगमध्ये आहे, मग टीव्हीवर दिसत का नाही? नॉर्वेचा सर्वोत्तम गोलकीपर इथे दुसरा होता.

तो पहिला सामना लीग कपमध्ये फुलहॅमविरुद्ध होता. जादा वेळेत बोल्टनने तो २-१ असा जिंकला. इंग्लंडमध्ये राखीव गोलकीपरला संधी देण्याची ही रूढ वाट आहे. लीगचे सामने पहिल्याला, कपचे सामने दुसऱ्याला. त्याच नोव्हेंबरमध्ये बोल्टनला युएफा कपमध्ये जर्मनीच्या बायर्न म्युनिकशी त्यांच्याच मैदानावर खेळायचे होते. त्या सामन्यात गोल सांभाळला अलीने आणि बोल्टनने बायर्नला २-२ असे बरोबरीत रोखले.

दहा सामने

मार्च २००८ मध्ये यास्केलाइनेनची पाठ दुखावली. बोल्टनची अवस्था त्या वेळी वाईट होती. प्रीमियर लीगमध्ये २० क्लब असतात आणि हंगामाच्या शेवटी तळाचे तीन खालच्या श्रेणीत ढकलले जातात. बोल्टन त्याच कड्यावर उभा होता. अशा वेळी दोन वर्षे बाकावर बसलेल्या गोलकीपरला सांगण्यात आले की आता तूच.

सुरुवात कठीण झाली. विगनविरुद्ध प्रीमियर लीगमधला पहिला सामना हरला. तीन दिवसांनी मँचेस्टर युनायटेडकडून ०-२ हार. मग आर्सेनलविरुद्ध २-० अशी आघाडी असताना शेवटी २-३ हार. ॲस्टन व्हिलाने तर चार गोल चढवले. टीकाकारांना बोलायला एवढे पुरेसे होते. बाकावरचा माणूस बाकावरच बरा, असे म्हणायला कितीसा वेळ लागतो?

पण हंगामाचे शेवटचे पाच सामने बोल्टन एकदाही हरला नाही. वेस्ट हॅम, मिडल्सब्रो आणि संडरलंडवर विजय, टॉटनहॅम आणि चेल्सीशी १-१ अशी बरोबरी. पाच सामन्यांत संघावर फक्त दोन गोल झाले. हंगाम संपला तेव्हा बोल्टनचे ३७ गुण होते आणि खाली गेलेल्या रेडिंगचे ३६. एका गुणाने क्लब वाचला. त्या हंगामात अलीच्या नावावर लीगचे १० सामने जमा झाले.

गोष्ट इथेच संपली असती तर सोपी झाली असती. सब्र केला, फळ मिळाले, टाळ्या. पण आयुष्य असे नीट आखलेले नसते. उन्हाळ्यानंतर यास्केलाइनेन बरा होऊन परतला आणि अली पुन्हा बाकावर गेला. पुढच्या दोन हंगामांत त्याला लीगचा एकही सामना मिळाला नाही. क्लबला कड्यावरून मागे खेचणाऱ्या संघातला गोलकीपर पुन्हा वाट पाहू लागला.

घरी पहिला, क्लबात दुसरा

याच काळात, जानेवारी २००९ मध्ये, मस्कतला आखाती देशांची गल्फ कप स्पर्धा भरली. ओमानने ती कधीच जिंकली नव्हती. २००४ आणि २००७ अशा लागोपाठ दोन स्पर्धांत अंतिम सामन्यात हार पदरी आली होती. अली इंग्लंडहून आला आणि आपल्या लोकांसमोर गोलमध्ये उभा राहिला. कुवेत, इराक, बहरीन, कतार आणि अंतिम सामन्यात सौदी अरेबिया. एकाही सामन्यात ओमानवर गोल झाला नाही. अंतिम सामना गोलशून्य राहिला आणि पेनल्टीवर ओमानने तो ६-५ असा जिंकला. स्पर्धेतला सर्वोत्तम गोलकीपर म्हणून अलीची निवड झाली, आणि हा मान त्याला लागोपाठ चौथ्यांदा मिळाला.

आठवडाभर सारा देश त्याचे नाव घेत होता. मग तो बोल्टनला परतला आणि पुन्हा दुसऱ्या क्रमांकावर जाऊन बसला. एकाच महिन्यात माणूस एका ठिकाणी नायक आणि दुसऱ्या ठिकाणी राखीव असू शकतो. आपली खरी किंमत यांपैकी कोणत्या ठिकाणी ठरते? अलीची वागणूक पाहिली तर उत्तर मिळते. त्याने दोन्ही ठिकाणी सारखीच तयारी ठेवली. गल्फ कपमधला तो गोलकीपर बोल्टनच्या सरावातूनच तयार झाला होता. सामने मिळत नसताना जे फटके त्याने अडवले, ते वाया गेले नव्हते.

सब्र म्हणजे बसून राहणे नव्हे

आपल्याकडे सब्र हा शब्द फार वापरला जातो आणि पुष्कळदा चुकीच्या जागी वापरला जातो. अन्याय झाला तरी गप्प राहा, संधी मिळत नसेल तर नशिबाला दोष देऊन बसा, असा त्याचा अर्थ लावला जातो. पण उंट मोकळा सोडून तवक्कुलच्या गप्पा मारू नयेत, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. प्रयत्न करायचा, मार्ग शोधायचा आणि निकाल अल्लाहवर सोपवायचा, हा क्रम आहे.

अलीने साडेचार वर्षे वाट पाहिली. २०१० च्या उन्हाळ्यात मात्र त्याने पाऊल उचलले आणि शेजारच्याच विगन ॲथलेटिक या क्लबात एका हंगामासाठी उसना खेळाडू म्हणून गेला. फुटबॉलमध्ये याला लोनवर जाणे म्हणतात. मूळ करार जुन्या क्लबशीच राहतो, खेळायचे मात्र दुसरीकडे. विगन हा बोल्टनपेक्षाही लहान क्लब. तिथेही पहिली जागा ख्रिस कर्कलंड या इंग्लंडच्या गोलकीपरची होती. म्हणजे तिथेही बाकावर बसण्याची शक्यता होतीच.

विगनने हंगामाचे पहिले दोन सामने ०-४ आणि ०-६ असे गमावले. तिसरा सामना लंडनला टॉटनहॅमच्या मैदानावर होता. प्रशिक्षक रॉबेर्तो मार्तिनेझ यांनी त्या दिवशी अलीला उतरवले. विगनने सामना १-० असा जिंकला आणि तिथून पुढे गोलची जागा अलीची झाली. हंगामाच्या शेवटच्या दिवशी विगन कसाबसा लीगमध्ये टिकला आणि त्या वर्षीचा क्लबचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून अलीची निवड झाली. २०११ मध्ये क्लबाने त्याला कायमचे घेतले. पुढच्या हंगामात तो लीगचे सर्व ३८ सामने खेळला. मँचेस्टर युनायटेडला हरवणाऱ्या आणि आर्सेनलला त्यांच्याच मैदानावर हरवणाऱ्या विगनच्या संघात गोलकीपर होता ओमानचा तोच अग्निशामक.

म्हणजे बोल्टनमध्ये थांबला ती चूक होती काय? तसे म्हणता येणार नाही. तिथल्या सरावाने त्याला घडवले. पण तिथेच आणखी पाच वर्षे थांबला असता तर कदाचित लीगचे दहा सामने एवढीच त्याची नोंद राहिली असती. थांबावे केव्हा आणि निघावे केव्हा, हे ओळखणे हाही सब्राचाच भाग आहे.

बाकावरून मिळालेले पदक

२०१२-१३ च्या हंगामात चक्र उलटे फिरले. विगनने जानेवारीत स्पेनचा तरुण गोलकीपर जोएल रोब्लेस याला लोनवर आणले. वसंतात प्रशिक्षकांनी अलीच्या जागी त्याला खेळवायला सुरुवात केली. जसा एकेकाळी कर्कलंडच्या जागी अली आला होता, तसाच आता अलीच्या जागी रोब्लेस आला.

११ मे २०१३ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर एफए कपचा अंतिम सामना झाला. ही इंग्लंडमधली सर्वांत जुनी स्पर्धा. समोर मँचेस्टर सिटीसारखा श्रीमंत क्लब. नव्वद मिनिटे संपत आली तरी गोल नव्हता. अखेरच्या क्षणी बदली खेळाडू बेन वॉटसनने डोक्याने चेंडू जाळ्यात धाडला आणि विगनने इतिहासात पहिल्यांदाच हा कप जिंकला. अली त्या दिवशी बाकावर होता. जर्सी घातलेली, मोजे जवळ, नेहमीसारखा तयार. एफए कप विजेत्या संघातला तो पहिला ओमानी ठरला, पण मैदानावर एक मिनिटही न उतरता.

तीनच दिवसांनी आर्सेनलकडून हरून विगन प्रीमियर लीगमधून खाली गेला. त्याच हंगामात कप जिंकून खाली जाणारा तो पहिलाच क्लब. पुष्कळ खेळाडू निघून गेले. अली मात्र नंतरही विगनकडून खेळला. पुढे दोन वर्षे तो रेडिंगमध्ये होता. २०१७ मध्ये प्रीमियर लीगमध्ये परतण्यासाठीच्या निर्णायक सामन्यात त्याने हडर्सफील्डवर १२० मिनिटे गोल होऊ दिला नाही आणि पेनल्टीच्या फेरीत एक फटकाही अडवला. तरीही रेडिंग ३-४ असा हरला. त्यानंतर सौदी अरेबियातला अल-हिलाल क्लब, शेवटी थोडा काळ इंग्लंडमध्ये वेस्ट ब्रॉमविच आणि २०२० मध्ये निवृत्ती. देशासाठी तो शंभराहून अधिक सामने खेळला. ओमानमध्ये रस्ते अपघातांत जाणारे तरुण जीव वाचवण्यासाठी रस्ता सुरक्षेच्या प्रचारातही त्याने आपले नाव आणि वेळ दिला.

सगळ्यांनाच फळ मिळते असे नाही

अलीची गोष्ट सांगताना दुसरी बाजू झाकून ठेवणे बरे नाही. बाकावर बसलेल्या प्रत्येकाला विगन सापडत नाही.

स्टुअर्ट टेलर हा इंग्रज गोलकीपर घ्या. २००१-०२ मध्ये आर्सेनलने लीग जिंकली तेव्हा तो तिथे राखीव होता. विजेतेपदाचे पदक मिळवायला त्या काळी किमान १० सामने लागत. टेलरचा दहावा सामना भरला हंगामाच्या अगदी शेवटच्या दिवशी, बदली खेळाडू म्हणून उतरून. तेव्हा तो तरुण होता, पुढे मोठी कारकीर्द दिसत होती. पण त्यानंतर ॲस्टन व्हिला, मँचेस्टर सिटी, साउदम्प्टन असे मोठमोठे क्लब फिरूनही त्याच्या संपूर्ण कारकिर्दीतले सामने शंभरही भरले नाहीत.

न्यूकॅसलचा स्टीव्ह हार्पर १९९३ पासून २०१३ पर्यंत एकाच क्लबात राहिला. त्यांतली बरीच वर्षे आयर्लंडच्या शे गिव्हनच्या मागे गेली. न्यूकॅसल खालच्या श्रेणीत गेला तेव्हा, २००९-१० मध्ये, तो पहिला गोलकीपर होता. वय जवळपास ३५. त्या हंगामात २१ सामन्यांत त्याने एकही गोल होऊ दिला नाही आणि क्लब परत वर आला. मँचेस्टर सिटीचा स्कॉट कार्सन एकेकाळी इंग्लंड देशाचा गोलकीपर होता. सिटीत त्याने सहा वर्षे काढली आणि खेळला फक्त दोन सामने. पण सरावात आणि खेळाडूंच्या खोलीत त्याची किंमत प्रशिक्षकांना ठाऊक होती, म्हणूनच करार पुन्हा पुन्हा वाढत गेला.

मोठ्या क्लबांत निदान पगार भरपूर असतो. खालच्या श्रेणींत चित्र वेगळे आहे. तिथे करार वर्षा-दोन वर्षांचे असतात, उन्हाळ्यात यादी लागते आणि ज्याचे नाव नाही त्याने दुसरा क्लब शोधायचा. एखाद्या क्लबचे गोलकीपर एकदम जखमी झाले तर सात दिवसांच्या तातडीच्या लोनवर दुसरीकडचा गोलकीपर बोलावला जातो. आठवडाभराचे काम, पुढच्या आठवड्याचे माहीत नाही. बायकामुले एका गावात आणि तो दुसऱ्या गावात. आखातात नोकरीला गेलेल्यांच्या घरी हा अनुभव सांगायला नको.

आपल्या घरातला दुसरा

प्रत्येक घरात कुणीतरी बाकावर बसलेले असते. प्रवेश परीक्षेच्या प्रतीक्षा यादीत अडकलेली मुलगी. दोनदा स्पर्धा परीक्षा देऊन तिसऱ्यांदा अभ्यासाला बसलेला मुलगा. शाळेच्या संघात निवड होऊनही सामन्यात न उतरवलेला लहानगा. दुकानात मोठ्या भावाच्या हाताखाली काम करणारा धाकटा. त्यांच्याशी आपण कसे बोलतो? शेजाऱ्याच्या मुलाशी तुलना करतो, की तू आज काय शिकलास असे विचारतो?

अलीच्या प्रवासातून तीन गोष्टी आपल्या घरात आणता येतील. पहिली, वाट पाहण्याच्या काळात तयारी थांबवायची नाही. संधी आली म्हणून अली चांगला गोलकीपर झाला नाही. तो आधीच चांगला होता, म्हणून आलेली संधी टिकली. दुसरी, पुढे असलेल्याचे वाईट चिंतायचे नाही. हसद माणसाच्या हातातले बळ खाऊन टाकतो. यास्केलाइनेनचे हात कापावेत अशी इच्छा धरून कुणी बरा गोलकीपर होत नाही. तिसरी गोष्ट आईवडिलांसाठी. मुलाला एकाच दारासमोर आयुष्यभर उभे करू नका. ठरावीक मुदत द्या, साथ द्या, आणि दुसरे दार दिसले तर त्याला तिकडे जाऊ द्या. विगन बोल्टनपेक्षा लहान होते, पण अली मोठा झाला तो तिथेच.

आणि समजा दार उघडलेच नाही, तरी ती वर्षे फुकट गेली असे घरातल्या कुणी म्हणू नये. ज्या संघात दुसरा गोलकीपर भरवशाचा असतो, त्या संघातला पहिला निर्धास्त खेळतो. घराचेही तसेच असते. कुणी कमावतो, कुणी दिसतो, कुणाचे नाव होते. आणि कुणीतरी मागे तयार उभे असते, म्हणून बाकीच्यांना पुढे जाता येते. त्या माणसाला आज रात्रीच्या जेवणावर नावाने हाक मारून शाबासकी द्यावी. त्याने ती मागितलेली नसते, म्हणून तिची गरज नसते असे नाही.